काठ कुठे येतो?

मागच्या मे महिन्यात आईबाबा इकडे इंग्लंडला आले, तेव्हा आईने लोणच्याची बरणी एका जुन्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तेल झिरपलंच तर बॅगेतल्या कपड्यांची वाट लागायला नको म्हणून. फडकं म्हणजे आजोबांच्या धोतराचा तुकडा. आमच्या घरी धोतर सहजासहजी मरत नाही. विरलं की त्याचे पंचे होतात, पंचा विरला की चक्क्याचं फडकं, मग गाळणं, आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. हा तुकडा गाळण्याच्या आसपास पोचलेला होता, पण एका बाजूचा बोटभर लाल काठ अजून शाबूत होता. आईबाबा परत गेल्यावर मी तो धुतला आणि मागच्या गल्लीतल्या दोरीवर वाळत घातला. ऊन पडलं होतं, आणि या गावात ऊन पडलं की माणसं हातातलं काम टाकून कपडे वाळत घालतात.

भिंतीपलीकडून शेजारच्या आजी आल्या. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे नुसत्या नावाने हाक मारतो. मनात आजीच म्हणतो. वय शहाऐंशी, हातात काठी, अंगावर बाराही महिने एकच निळं कार्डिगन. त्यांनी दोरीवरच्या तुकड्याचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरला, किंचित चोळला, आणि म्हणाल्या, ‘‘ही तर डूटी.’’ मी म्हटलं, नाही, आज मला सुट्टी आहे. त्या हसल्या. ‘‘तुझी नाही रे. हे कापड. डूटी. माझी आई विणायची.’’

धोतर! चार वर्षं या बाईंच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, ख्रिसमसला करंज्या दिल्या, त्यांचे कचऱ्याचे डबे बाहेर काढून ठेवले, आणि हे मला ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, अगदी सहज, जसं एखाद्याला भाजीची कृती विचारावी, ‘‘नेसतात कसं? हा काठ नेमका कुठे येतो?’’

मला सांगता येईना. माझे आजोबा मरेपर्यंत धोतर नेसले. मी आयुष्यात एकदाच नेसलो, माझ्या लग्नात, आणि ते दादरला विकत घेतलेलं, आयतं शिवलेलं, कमरेला इलॅस्टिक असलेलं होतं. मी हातवारे करत काहीतरी पुटपुटलो. आजींनी मान डोलावली आणि त्या आत गेल्या. पण त्या मान डोलावण्यात ‘असू दे, याला नाही येत’ असा भाव होता, तो मला पुढे आठवडाभर टोचत राहिला.

आमचं गाव डार्वेन. निदान पाटीवर तसं लिहिलंय. गावकरी म्हणतात ‘डॅरन’. मी पहिले सहा महिने लिहिल्यासारखं बोलत होतो आणि दुकानात लोक माझ्याकडे प्रेमाने बघायचे. उत्तर इंग्लंडमधल्या लँकशरमधलं, ब्लॅकबर्नच्या दक्षिणेला दरीत वसलेलं. वर टेकडीवर १८९८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवासाठी बांधलेला मनोरा, खाली दगडी घरांच्या रांगा. घराला घर चिकटलेलं, पुढचं दार थेट फुटपाथवर, मागे हातभर अंगण आणि मग गल्ली. आमची लालबागची चाळ कुणीतरी डोंगरउतारावर आडवी निजवली असावी असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. भिंती तशाच पातळ. आजींच्या घड्याळाचे टोले माझ्या स्वयंपाकघरात पडतात. आणि त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते ती गिरणीची चिमणी. साधीसुधी नव्हे, एखाद्या इटालियन देवळाच्या घंटेच्या मनोऱ्यासारखी नक्षीदार, सुमारे ३०० फूट उंच, १८६७ मध्ये पुरी झालेली. गिरणीचं नाव ‘इंडिया मिल’. घर बघायला आलो तेव्हा दलालाने हे नाव अशा थाटात सांगितलं, जणू ती गिरणी माझ्या स्वागतालाच बांधली होती.

ब्लॅकबर्न आणि आसपासच्या गावांचा धंदाच धोतरांचा. कापड हिंदुस्थानी गिऱ्हाइकाच्या मापाचं, काठ हिंदुस्थानी गिऱ्हाइकाच्या पसंतीचे. १९१३ साली लँकशरने परदेशी धाडलेलं कापड सुमारे ७०० कोटी यार्ड होतं आणि त्यातलं ३०० कोटींच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात उतरलं. त्यावर खास हिंदुस्थानी बाजारासाठी छापलेली रंगीत तिकिटं चिकटवलेली असायची: लक्ष्मी, हत्ती, कृष्ण. कोरं कापड जड वाटावं म्हणून त्याला पिठाची खळ आणि खळीत चिनी माती. १८७० च्या दशकात या खळीमुळे कापडाला बुरशी धरायची म्हणून मोठी बोंब झाली होती. आमची पणजी म्हणे विलायती कापडाबद्दल एकच वाक्य बोलायची, ‘‘खळ गेली की ऱ्हातंय काय त्यात!’’ आमच्या घरात हे वाक्य पुढे माणसांबद्दल वापरलं जाऊ लागलं. विशेषतः जावयांबद्दल.

पुढच्या रविवारी मी आजींकडे चहाला गेलो. खरं तर उत्तर द्यायला गेलो होतो, पण ते अजून जमलेलं नव्हतं, म्हणून नुसतंच ऐकत बसलो. त्यांची आई १९०८ ची. बाराव्या वर्षी अर्धवेळ गिरणीत लागली: अर्धा दिवस साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, अर्धा दिवस शाळेत, आणि शाळेत बाकावर डोकं ठेवून झोप. तेव्हा कायद्याला ते चालत होतं. पहाटे लांब काठी घेतलेला माणूस वरच्या मजल्याच्या काचांवर टकटक करत जायचा. त्याला आठवड्याला काही पेन्स द्यायचे. मग सगळी गल्ली लाकडी तळव्यांचे, खाली लोखंडी पट्टी ठोकलेले बूट घालून दगडी फरसबंदीवरून निघायची. आजी म्हणाल्या, ‘‘पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. फक्त खालून वर.’’

साच्यावरच्या बायका ओठांनी बोलायच्या. मला हे आधी पटलं नव्हतं. मग बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये गेलो, तिथे वाफेच्या इंजिनावर जुने साचे चालवून दाखवत होते. तीनशे साच्यांतले मोजकेच चालू केले होते, तरी पहिल्या क्षणी छातीत काहीतरी हललं. आवाज कानातून येत नाही, तळपायातून येतो. तेलाचा, ओल्या सुताचा आणि गरम चामड्याच्या पट्ट्यांचा वास. धोटा डोळ्याला दिसतच नाही, दिसतो तो फक्त टोकांना आपटताना. हवा मुद्दाम दमट ठेवलेली, कोरड्या हवेत ताणा तुटतो म्हणून. या सगळ्यात तोंडाने बोलणं शक्यच नाही. म्हणून बायका तोंड मोठमोठं फाकवून, आवाज न काढता शब्द घडवायच्या आणि चार साचे पलीकडची बाई ते वाचायची. याला ‘मी-मॉ’ म्हणतात. शेजारणीचा नवरा, मुलाचं पडसं, पोटातलं दुखणं, सगळं असंच मुक्याने चालायचं. गल्लीत, बाजारातही खाजगी काही असलं की बायका आवाज बंद करून ओठांवर यायच्या. आमचे आजोबा घरात भयंकर मोठ्याने बोलायचे. बाबा म्हणायचे, गिरणीने कान नेले. तेव्हा मला तो त्यांचा स्वभाव वाटायचा.

आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले. आधी दोन साचे, मग चार. त्यांच्या एका साच्याच्या बिडाच्या चौकटीवर उठावाची इंग्रजी अक्षरं होती आणि गिरणीतल्या कुठल्याशा कारकुनाकडून त्यांनी ती वाचून घेतली होती: ब्लॅकबर्न. ते ‘बिलाकबन’ म्हणायचे. ‘‘माझा बिलाकबन आज रुसलाय,’’ म्हणजे साचा बिघडलाय. लहानपणी मला ते साच्याचंच नाव वाटायचं, बैलाचं असतं तसं. या देशात आल्यावर आगगाडीने बोल्टनकडून येताना फलाटावर ते नाव पाहिलं आणि मी एकटाच हसलो. समोरच्या बाईंनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

म्हणजे इथल्या लोकांनी धोतरंही विकली आणि धोतर विणायचे साचेही विकले. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी सूत काढायची यंत्रं मुंबईला पाठवली, ब्लॅकबर्नच्या कारखान्यांनी साचे पाठवले, बरोबर विव्हिंग मास्तरही पाठवले. आपल्या गळ्याचा दोर आपणच वळून, वर वाहतूक-खर्च लावून.

देवाणघेवाण त्याही आधीची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि इथे कापूस यायचा थांबला. इकडे उपासमार झाली, मुंबईत पैशाचा पूर आला. पुढचं मराठी वाचकाला सांगायला नको. मुंबई बंदरातून आलेल्या कापसाला इथे सरसकट ‘सुरत’ म्हणत, मग तो वऱ्हाडचा असो की खानदेशचा. आखूड धाग्याचा, कचरा भरलेला, सारखा तुटणारा. विणकराला मजुरी कापडावर, म्हणून धागा तुटला की पोट तुटलं. चर्चमध्ये प्रार्थना व्हायची असं सांगतात, ‘देवा, कापूस पाठव, पण सुरती नको.’ देवाने शंभर वर्षांनी हिशेब पुरा केला. १९६० च्या दशकात गोऱ्यांना नको झालेल्या रात्रपाळ्यांसाठी माणसं हवी झाली, तेव्हा ब्लॅकबर्नला आले ते भरूच आणि सुरतेकडचेच गुजराती, आणि पाकिस्तानातले लोक. आज मला तिथे पापडी, मेथी, ताजा कढीपत्ता मिळतो तो त्यांच्या कृपेने. दुकानदार काका मला ‘मुंबईवाला’ म्हणतात आणि कोथिंबीर फुकट घालतात. लँकशरमध्ये फुकट कोथिंबीर मिळवण्याचा हा एकच रस्ता मला सापडला आहे.

चहा पिता पिता आजींनी फडताळावरचा फोटो दाखवला. आईचा. अंगाभोवती गुंडाळलेला फुलाफुलांचा एप्रन, केस मागे बांधलेले, ओठ घट्ट. मी गांधींचा विषय काढणार नव्हतो. कुणाच्या घरी बसून त्यांच्या जखमेबद्दल विचारायचं नसतं एवढं मला कळतं. विषय त्यांनीच काढला.

१९३० च्या उन्हाळ्यात आईचे चार साचे बंद झाले. पहिल्यांदा दोन, मग चारही. हिंदुस्थानातून मागणीच नाही. बहिष्कार हे एक कारण. पण त्याच्या कितीतरी आधीपासून जपानी माल, वाढती जकात आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या हा धंदा कुरतडत होत्या. त्या गिरण्यांत आमच्या आजोबांचा बिलाकबनही आला, हे मी गप्प बसून मनात धरलं. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, १२ तारखेला, काळबादेवीला विलायती कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू आडवा झाला. तोही गिरणीकामगारच. चौथीच्या पुस्तकात त्याचं चित्र बघताना ट्रकमधल्या गठ्ठ्यांकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. ते कापड कुठल्याही गावचं असेल. पण आता त्या गठ्ठ्यांवर मला फुलाफुलांचा एप्रन दिसतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. बाबू गेनूवरची माझी श्रद्धा तसूभर कमी होत नाही, आणि एप्रनही जात नाही.

गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधी सप्टेंबर १९३१ मध्ये इथे आले. तुमच्यामुळे काय झालंय ते बघायला या, असं क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका गिरणीमालक कुटुंबाचं बोलावणं होतं. २६ तारखेचा, शनिवारचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो: डार्वेनच्या ग्रीनफील्ड मिलबाहेर बायकांच्या घोळक्यात मधोमध शाल पांघरलेले गांधी, आणि बायका हात उंचावून जयजयकार करताहेत. बेकारांना त्यांनी गोड काही सांगितलं नाही. तुमचे तीस लाख बेकार, आमचे तीस कोटी वर्षातला निम्मा काळ बेकार, असा हिशेबच मांडला. आणि त्यांच्यातलाच एक बेकार म्हणाला, मी हिंदुस्थानात असतो तर हेच बोललो असतो.

आजींची आई त्या फोटोत नाही. ती मागे होती, बुटकी असल्यामुळे कुणाच्या तरी खांद्याआडून बघत. घरी येऊन तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, ‘‘एवढासा तर माणूस, आणि गुडघे उघडे, थंडीने निळे पडतील त्याचे.’’ आणि दुसरी आजींनी जरा थांबून सांगितली. त्यांच्या आईने दहा वर्षं डूटी विणली होती. हजारो वार. पण अंगावर डूटी असलेला माणूस तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आणि ती तिने विणलेली नव्हती.

त्यात काठही नव्हता, असं आजी म्हणाल्या. बरोबरच आहे, गांधींचा तो खादीचा पंचा, त्याला कुठला आलाय काठ. म्हणजे ज्या काठापायी आईने डोळे फोडून घेतले, काठाचा रंगीत धागा चुकला तर मजुरी कापली जायची, तो काठ माणसाच्या अंगावर कुठे येतो हे तिला त्याही दिवशी कळलं नाही. पुढेही नाही. तोच प्रश्न भिंतीवरून माझ्याकडे आला होता, आणि मी हातवारे केले होते.

आजी स्वतः १९५४ मध्ये पंधराव्या वर्षी साच्यावर लागल्या. त्यांनी डूटी विणली नाही, चादरी विणल्या. आठवणी त्यांनाही आहेत, पण त्या आईच्या आठवणींसारख्या थांबून सांगत नाहीत, हसत सांगतात. आपल्याकडे जॉबर तसा इथे टॅकलर, साचे दुरुस्त करणारा, आणि तो जातिवंत मूर्ख असतो असं धरून गावात शेकडो विनोद. एका टॅकलरने घरात पियानो चढवायला मित्र बोलावला. तासभर घाम गाळल्यावर मित्र म्हणतो, हा वर काही जाणार नाही बाबा, तर टॅकलर म्हणतो, वर? मी तर खाली ढकलत होतो! शनिवारी उंबऱ्याच्या पायऱ्या पाण्याने घासून त्यांच्या कडेला दगडी खडूने पांढरी-पिवळी रेघ ओढायची; हा खडू भंगारवाल्याकडून जुन्या चिंध्यांच्या बदल्यात मिळायचा. रेघ वाकडी तर गल्लीत नाव जायचं. मी रांगोळीबद्दल सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘रोज? आम्ही आठवड्यातून एकदाच चांगले दिसायचो.’’ आणि जुलैतली गिरण्यांची सुट्टी. अख्खं गाव एकाच दिवशी कुलूप लावून ब्लॅकपूलच्या समुद्राला. गल्लीतले शेजारी तिथल्या खानावळीतही शेजारीच. चिमण्या बंद, म्हणून मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्या आठवड्यात समोरची टेकडी दिसायची. गणपतीला रिकामी होणारी चाळ मला आठवली. आम्ही घाटावरचे, आमचं कुलूप लागत नसे, तेव्हा संडासाला रांग नसायची एवढाच आमचा आनंद.

१९५९ मध्ये सरकारने कायदा करून जुनी यंत्रं मोडीत काढायला मालकांना पैसे दिले. आजींचे चार साचे त्यांच्यासमोर घणाने फोडले. बीड तुटताना घंटेसारखा आवाज येतो म्हणाल्या. पुढे त्या बिस्किटांच्या दुकानात लागल्या. आमच्या आजोबांचा बिलाकबन १९८२ च्या जानेवारीत थांबला तो थांबलाच. आजोबा वर्षभर रोज सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. भोंगा नव्हता तरी. त्यावर मी याहून जास्त लिहू शकत नाही. बाबा लिहू शकतील, पण ते लिहीत नाहीत.

बाबांनी मला धोतर नेसायला शिकवलं ते व्हिडिओ कॉलवर, पलंगावरची चादर घेऊन. आई मागून ‘चादर मळवू नका’ ओरडत होती. मध्य पाठीशी, पुढे गाठ, एका टोकाच्या निऱ्या करून पुढे खोचायच्या, दुसरं टोक पायांमधून मागे नेऊन काष्टा. तीनदा सुटलं. बाबा एरवी फोनवर हवापाण्यापलीकडे जात नाहीत, त्या दिवशी पाऊण तास बोलले. ऑगस्टमध्ये मुंबईला गेलो तेव्हा दादरहून लालकाठी धोतरजोडी घेतली, या वेळी इलॅस्टिक नसलेली.

परवा रविवारी जीन्सवरूनच नेसून आजींच्या दारात उभा राहिलो. रस्त्यावर कुत्रा फिरवणारा एक गृहस्थ थांबला, मग कुत्राही थांबला. आजींनी मला बैठकीच्या खोलीत मधोमध उभं केलं, दिवा लावला, चष्मा बदलला आणि काठी टेकत माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. खाली वाकून घोट्याजवळचा काठ पाहिला. मग कमरेशी गुंडाळला गेलेला वरचा काठ बोटाने चाचपला. मग मागे जाऊन काष्ट्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

‘‘म्हणजे दोनातला एक काठ कमरेत गुंडाळून टाकता,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि दुसऱ्यातला अर्धा ढुंगणामागे खोचता?’’

मी म्हटलं, हो. साधारण तसंच.

त्या हसल्या नाहीत. फडताळाकडे वळल्या आणि फोटोसमोर तोंड मोठं फाकवून, एक एक शब्द घडवत, आवाज न काढता काहीतरी सांगितलं. बरंच लांबलचक सांगितलं. मी बाजूला उभा होतो, मला त्यातलं काही वाचता आलं नाही.